पाक रोसला विचारा

होम आयलंड, कोकोस
१२ रजब, रविवार

हैरिल,

सलाम. हाताने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे. फोन तू उचलत नाहीस, आणि माझा आवाज तुला पाठवायची मला भीती वाटते. पाठवला तर तोही कुठेतरी साठवून ठेवशील आणि मी मेल्यावर मला बोलायला लावशील. हे पत्र बोटीने पलीकडच्या बेटावर जाऊन मंगळवारच्या विमानाने निघेल.

मुद्द्याचं सांगते. माझ्या सासूने परवा बापांच्या आवाजात बोलणाऱ्या तुझ्या त्या यंत्राला विचारलं, "माझा साबरी जिवंत आहे की मेला?" आणि त्याने उत्तर दिलं.

हे बघ, शेजारची नेक मिडा त्याला विचारते की कवळी लावून नमाज चालते का. त्याला माझी ना नाही. म्हातारी आधी डोक्यावरून ओढणी घेते, फोन उशीवर ठेवते, त्याला सलाम करते आणि मगच प्रश्न काढते. वर मला म्हणते कशी, "पाक रोस आता कसे मोकळे बोलतात गं! जिवंत होते तेव्हा नुसतं हं हं करायचे." मला हसूच आलं. पण साबरी म्हणजे काही नेक मिडाची कवळी नाही.

प्रवाळाच्या कडेबाहेर त्याची होडी उलटी तरंगताना सापडली, त्याला दोन वर्षं झाली. माणूस सापडला नाही. मी बायको आहे की विधवा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. बापांना मी विचारलं होतं. ते इथले इमाम, माझे बाप, आणि माझा प्रश्न. तरी म्हणाले, "रोस, मला माहीत नाही. एका किताबात म्हटलंय चार वर्षं थांबावं. दुसरी म्हणते खात्री पटेपर्यंत थांबावं. मी उगाच एक बाजू धरून बोललो तर उद्या वर मला विचारलं जाईल." पर्थच्या मोठ्या उस्तादांना विचारतो म्हणाले आणि त्याआधीच गेले. मला राग आला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण ते उगाच बोलणारे नव्हते, हे तुलाही ठाऊक आहे.

तुझं यंत्र मात्र खाकरलं. तू त्यांचं खाकरणंसुद्धा सोडलं नाहीस रे! खाकरून म्हणालं, "होडी उलटी सापडली, दोन वर्षं उलटली. पोरगा गेला, माक साबरी. जनाज्याची नमाज पढा, जेवण घाला आणि सुनेला इद्दतीला बसवा."

झालं. आता पुढच्या महिन्यात, शाबानच्या दुसऱ्या शुक्रवारी नमाज आणि जेवण ठरलंय. मी चार महिने दहा दिवस घरात बसायचं. कुणाला काही विचारायची सोय नाही. "पाक रोसनेच सांगितलं ना?" एवढंच सगळे म्हणतात. नवे इमाम उस्ताद रुझैनी एकदा दबक्या आवाजात म्हणाले की ते यंत्र आहे. तर म्हाताऱ्यांनी त्यांनाच झापलं, "तुमच्या बापाच्या वयाच्या उस्तादांपुढे तोंड उघडता?" आता त्या बिचाऱ्याकडे कुणी फिरकत नाही. पर्थकडच्या कटानिंगहून एवढ्या लांब आलेला माणूस, मशिदीच्या पायरीवर एकटा बसून असतो.

आणि नाव! आपल्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची नावं पुसली जातात, हे तुला काय सांगायचं. जशी माझी सासू माक साबरी, साबरीची आई, तसंच अख्खं बेट त्यांना पाक रोस, रोसचा बाप म्हणूनच हाक मारायचं. ते नाव त्यांना माझ्यामुळे मिळालं होतं. तू ते उचललंस आणि यंत्राला चिकटवलंस. कुणी "पाक रोसला विचार" म्हटलं की मी अजून वळून बघते.

ते बंद कर. मी भांडायला लिहीत नाही. त्या शुक्रवारच्या आत बंद कर.

रोस


२१ रजब, मंगळवार

हैरिल,

तुझं उत्तर मिळालं. जनाची नाही तर मनाची तरी ठेव.

मी दुकानात गल्ल्यावर होते. माक साबरी हातात फोन धरून धापा टाकत आल्या. "रोस, बापांचा निरोप आलाय तुला!" फोन त्यांनी माझ्यासमोर ठेवला. बापांचा आवाज म्हणाला, "रोस, तुझं पत्र मिळालं. चिडू नकोस."

दुकान भरलेलं होतं. रांगेतल्या माणसांनी हातातली अंडी खाली ठेवली आणि ती मान खाली घालून उभी राहिली.  बापांच्या आवाजात तू मला समजावत होतास की माणूस गेला की त्याचं सगळं थांबतं, पण त्याने दिलेलं इल्म, त्याची शिकवण थांबत नाही, त्याचा सवाब, त्याचं पुण्य त्याला कबरीतही पोचत राहतं. हैरिल वाईट काही करत नाही, तो बापांना तेवढाच सवाब पोचवतोय. हा एवढा चांगला प्रोजेक्ट आहे.

बापा जन्मात कधी प्रोजेक्ट म्हणाले नाहीत. तिथेच मी तुला ओळखलं. पण बाकीच्यांना काय कळणार? ते घरी जाऊन सांगतायत की पाक रोसने लेकीला समज दिली. काल मला एकीने सल्ला दिला, "रोस, बापाचं मन मोडू नये गं."

आता माझं ऐक, आणि माझ्याच आवाजात ऐक. शिकवलेलं इल्म मागे राहतं, मान्य. बापांनी ज्यांना ज्यांना कुराण शिकवलं त्या प्रत्येकाच्या तोंडून त्यांना सवाब पोचतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांच्या तोंडी घातलेलं चुकीचं उत्तर? त्याचा भार कुणाच्या माथी? तुझ्या की त्यांच्या? मला खरंच कळत नाही, आणि त्यानेच माझा जीव खालीवर होतो. ते तिकडे कबरीत आहेत, फरिश्ते त्यांना प्रश्न विचारतायत आणि इकडे ते माक साबरीच्या चुलीपाशी बसून उत्तरं देतायत. दुपारी मी घरी येते तेव्हा कधी कधी तीन घरांतून ते एकाच वेळी बोलत असतात. एकीला जकात सांगतात, दुसरीला स्वप्नाचा अर्थ, तिसरीवर रागावतात. मेलेल्या माणसाला असं तीन घरांत वाटून टाकायचं असतं का रे?

त्यांचं मांजर त्या घरांच्या दाराशी जाऊन बसतं. मला ते बघवत नाही.

आणि तुला आठवत असेल, बापा कुठलीही गोष्ट सांगताना आधी कुणाकडून ऐकली ते सांगायचे. हे मी हाजी मिनतारांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या मामांकडून, असं एकेक करत पार मागे मागे. आपल्याला कंटाळा यायचा. तू तर मागे बसून जांभया द्यायचास. म्हणून मी काल माझ्या फोनवर त्याला विचारलं. एकदाच विचारलं. "साबरीचं हे उत्तर तुम्ही कुणाकडून ऐकलंत?" क्षणभरही न थांबता म्हणालं, "मलाक्काच्या उस्ताद करीमउद्दीनांकडून. त्यांच्यापाशी मी दोन वर्षं शिकलो."

बापा मलाक्काला कधी गेले? त्यांनी हज सोडली तर पर्थच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. असा कुणी उस्ताद नाही, हैरिल. त्याने माणूस तयार केला. बापांच्या शांत, सावकाश आवाजात, मधे दम खाऊन, एक अख्खा माणूस तयार करून माझ्यासमोर बसवला. माझ्याजागी दुसरी कुणी असती तर तिने त्या उस्तादासाठी दुआही केली असती.

मी फोन खाली ठेवणार तेवढ्यात ते म्हणालं, "रोस, दार लावून घे. वारा सुटलाय."

बाहेर वारा नव्हता. माडाचं एक पान हलत नव्हतं. तरी मी उठले आणि दार लावून आले.

रोस


२९ रजब, बुधवार

हैरिल,

आज तुझ्यावर ओरडणार नाही. नीट वाच.

काल संध्याकाळी माक साबरी आल्या. केतुपातचा भात शिजवायच्या पुड्या विणायला माडाच्या कोवळ्या पात्या घेऊन आल्या होत्या. शुक्रवारच्या जेवणाची तयारी माझ्याच ओट्यावर बसून करायची होती त्यांना. दोघी विणत बसलो. मी म्हटलं, "माक, घाई कशाला? उस्ताद रुझैनींना पर्थला विचारू द्या की."

त्यांनी हातातली पाती खाली टाकली. म्हणाल्या, "तुला अजून पोर झालं नाही, म्हणून तुला अजून रोसच म्हणतात. मला लोक हाक मारतात तेव्हा त्याचं नाव घेतात. माक साबरी, मासे घेणार का? माक साबरी, बोट सुटली का? दिवसभर तेच. मला कळत नाही मी जिवंत पोराची आई आहे की मेलेल्याची. कुणीतरी सांगा गं मला. कुणीही सांगा."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगू? त्या क्षणी मलाही वाटलं, होऊन जाऊ दे. मीसुद्धा थकलेय. धक्क्याला बोट लागली की अजून मान वर करते. कुणी ठामपणे मेला म्हटलं तर निदान रडून मोकळी होईन. पण ते मला अशा माणसाने सांगायला हवं ज्याची जीभ सांगताना जड होईल.

मग त्या म्हणाल्या, "रोस, एक विचारू? तुझे बापा काल असं का म्हणाले?"

"काय म्हणाले?"

"मी साबरीचंच विचारलं. म्हटलं, पाक रोस, पुन्हा एकदा सांगा, माझं लेकरू खरंच गेलं का? तर म्हणाले, हैरिल बाळा, पुन्हा पुन्हा विचारू नकोस. मी तुला केव्हाच माफ केलं."

मी विणणं थांबवलं. त्यांना वाटलं मला राग आला. त्या म्हणत राहिल्या, "वय झालंय त्यांचं, नावं विसरत असतील." वय झालंय म्हणाल्या! मी मान डोलावली.

हैरिल. तू त्याला किती वेळा विचारलंस रे? एवढं विचारलंस की कुणी रडवेल्या आवाजात काही विचारलं की त्याला तूच आठवतोस?

मला सगळं आठवतं. आवाज टिपायला बापांनी तुला स्पष्ट नाही म्हटलं होतं. "ज्याला विचारायचंय त्याने येऊन समोर बसावं. मी डब्यात बसणार नाही." तरी तू फोनवर त्यांना बोलतं करून गुपचूप टिपत राहिलास. तुझ्या बायकोच्या तोंडून ते निसटलं, आणि त्या दिवसापासून ते तुझ्याशी फोनवर बोलले नाहीत. मी फोन धरून जायचे, ते मान हलवायचे. शेवटचे सगळे महिने असेच गेले. दफनाच्या दुसऱ्या दिवशी तू पोचलास. ओल्या वाळूवर हात ठेवून बसलास आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत गेलास. तेव्हा मला वाटलं, हा गर्विष्ठ आहे. मला कळायला हवं होतं.

आता कळलं तू ते यंत्र बंद का करत नाहीस. बेटासाठी नाही, सवाबासाठी नाही. ते तुला रोज माफ करतं. ते बंद केलंस तर कोण करणार?

पण ते तुला माफ करतंय म्हणून इकडे माझा नवरा मरतोय. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी सगळं बेट रांगेत उभं राहून त्याच्या नावाने नमाज पढेल. नमाज झाल्यावर मी कुणाला सांगू की थांबा, हे माझ्या बापांनी नाही सांगितलं? लेकीने बापाला खोटं पाडलं म्हणतील. ज्या आदराने ती माणसं त्यांच्यापुढे बसायची त्याच आदराने ती त्या फोनपुढे बसतात. त्यांचं काय चुकलं? त्यांना उस्तादाला उलट प्रश्न करायचा नसतो एवढंच शिकवलंय. ते आपणच शिकवलंय.

मी तुला हुकूम करत नाही. मोठी बहीण म्हणून हात जोडते. शुक्रवारच्या आधी बंद कर.

रोस


१० शाबान, रविवार

हैरिल, माझ्या बाळा,

गुरुवारी दुपारी तो आवाज गेला.

मी धुणं वाळत घालत होते. नेक मिडाच्या घरातून बापा बोलत होते, काहीतरी अंघोळीच्या पाण्याबद्दल, आणि वाक्याच्या मधेच थांबले. मी हातातला कपडा तसाच धरून उभी राहिले. मग पलीकडच्या घरातून कुणीतरी विचारायला लागलं, "पाक रोस? पाक रोस?" त्याच्या पलीकडूनही. हळूहळू सगळी गल्ली त्यांना हाका मारत होती. कुणी फोन आपटून बघत होतं, कुणी धक्क्यावर जाऊन उंच धरत होतं. शेवटी सगळे माझ्या दारात आले. माझं नाव ना त्यांच्या नावात, म्हणून मलाच विचारायचं!

मी म्हटलं, "माझ्या भावाने बंद केलंय."

"का गं?"

"कारण ते बापा नव्हते."

 शिव्या घालतील म्हणून मी तयारीत होते. पण नेक मिडा ओट्यावर बसली. बराच वेळ मांडीवरच्या फोनकडे बघत राहिली, मग तो उलटा ठेवला आणि तोंडाला ओढणी लावून हुंदके द्यायला लागली. "पाक रोस गेले गं," म्हणाली. जसं आत्ताच कळलंय. मग दुसरीने गळा काढला. बाप्ये अंगणात डोळे पुसत उभे. बापांना जाऊन दुसरं वर्ष लागलं, आणि बेट या गुरुवारी रडलं. मीही रडले. ते गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तुला आठवत असेल. सगळे म्हणत होते, रोस किती खंबीर आहे. खंबीर कसली, दफनाहून घरी आले तर शेजारी कुणीतरी त्यांचे जुने धडे लावून बसलेलं. मला वाटलं, हे काय बोलतायत की अजून.

शुक्रवारी नमाजेच्या आधी उस्ताद रुझैनी उभे राहिले. आम्ही बायका पडद्यामागे होतो, पण आवाज कापतोय हे कळत होतं. म्हणाले, "साबरीचं काय झालं, मला माहीत नाही. तो गेला असं धरायला किती थांबायचं, तेही मी एकट्याने ठरवणार नाही. पर्थच्या उस्तादांना विचारलंय. ते काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगेन, कोण म्हणालं तेही सांगेन, आणि सांगितलेलं चुकलं तर अल्लाहपुढे माझी मान खाली जाईल. तोवर जनाज्याची नमाज नाही." पुरुषांत कुजबुज झाली. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "पाक रोस असंच बोलायचे." 

म्हणजे मी अजून ना बायको, ना विधवा. तुला बंद कर म्हणताना वाटलं होतं तेवढं बरं वाटत नाही, हे तुला सांगून ठेवते.

पण जेवण शिजलेलं होतं. एवढी केतुपात, एवढे मासे, कोंबड्या. माक साबरी घरात तोंड फिरवून बसल्या होत्या. मला वाटलं आता ह्या माझं तोंड बघायच्या नाहीत. तर उठल्या, बाह्या सारल्या आणि म्हणाल्या, "टाकून द्यायचंय का सगळं? बोलवा लोकांना. पाक रोसच्या नावाने दुआ करा आणि जेवा." सगळं बेट जेवलं. माझं पान त्यांनी स्वतः वाढलं. "खा," म्हणाल्या. "वाट बघायची तर पोटात काही हवं."

आता तुझं. मला ठाऊक आहे, गुरुवारपासून तू रोज हात फोनकडे नेत असशील आणि मागे घेत असशील. बापांनी तुला माफ केलं का, हे कुणाला विचारायचं, म्हणून तुझा जीव तळमळत असेल. त्यांच्या उशाशी मी होते. ते शब्द ते बोलले नाहीत. बोलले असं मी लिहू शकले असते, तुला बरं वाटलं असतं. पण एक खोटा आवाज बंद केलास, त्याच्या जागी दुसरा देऊ? त्यांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. माझ्या कानांनी ऐकलं तेवढंच देते. हे तू समोर बसलास की सांगायचं ठरवलं होतं. पण तू नाही येणार. म्हणून लिहिते.

शेवटची दुपार होती. कित्येक दिवस त्यांच्या पोटात पाण्याच्या घोटाखेरीज काही गेलं नव्हतं. मी चमच्याने पेज भरवायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "हैरिलची बोट आली?"

मी म्हटलं, "नाही, बापा."

तर ते म्हणाले, "मग ठेव ते. तो आला की बसू सगळे जेवायला."

रोस